लायनफिश खात नाही? औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं. तुमच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये यातलं काय दिसतंय ते बघा:

- नवा आणलेला मासा दगडाच्या कपारीत डोकं खाली करून लटकलाय. समोरून खाद्य गेलं तरी ढुंकून बघत नाही.
- महिनोन् महिने चिमट्यातली कोळंबी हिसकावून घेणारा जुना मासा अचानक तोंड फिरवतो.
- खाद्याजवळ येतो, थांबतो, फुंकर मारल्यासारखं करतो आणि मागे सरकतो. किंवा तोंडात घेतो नि थुंकतो.
- अंगावर दुधट पापुद्रा, डोळे धुरकट, मधूनच दगडाला अंग घासणं.
- झेप घेतो पण नेम चुकतो. तोंड उघडं राहतं, नीट मिटत नाही.
- कल्ले भराभर हलतात, मासा तळाशी पडून असतो, किंवा पोट फुगून वर तरंगतो.

शेवटची दोन लक्षणं असतील तर मधलं सगळं सोडा आणि सरळ ‘इथे थांबा’ या भागाकडे जा. वरच्या चारांपैकी काही असेल तर खुर्ची ओढून टँकसमोर बसा. घाई नाही.

माझ्या आणि ओळखीतल्यांच्या टँकमध्ये मी ही तक्रार इतक्या वेळा निस्तरली आहे, की फोनवर ‘अरे, तो खातच नाहीये’ ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, ‘तू काय काय केलंस आत्तापर्यंत?’ कारण बहुतेक वेळा मासा आजारी नसतो. त्याने दोन दिवस खाल्लं नाही म्हणून मालकाने निम्मं पाणी बदललेलं असतं, दगड हलवलेले असतात, वर कुठलं तरी औषध ओतलेलं असतं, आणि आता मात्र मासा खरंच आजारी पडलेला असतो. मी हे छातीठोकपणे सांगतो, कारण माझ्या पहिल्या लायनफिशवर मीच हे सगळे प्रयोग एका आठवड्यात केले होते. तो बिचारा फक्त कात टाकत होता.

तेव्हा खालचा क्रम मोडू नका. आधी फुकटातल्या गोष्टी, मग टेस्ट किट, मग खाद्य आणि सगळ्यात शेवटी माशाला हात.

हाताचं आधी बघा

लायनफिशचे ते पंख्यासारखे पसरलेले छातीचे पर बघून लोक बिचकतात. ते बिनविषारी आहेत. विष असतं काट्यांत: पाठीवर १३, मागे गुदपराला ३ आणि पोटाखालच्या दोन परांना एकेक, असे एकूण १८. प्रत्येक काट्याला दोन बाजूंनी लांबट खाचा असतात, त्या खाचांत विष तयार करणाऱ्या ग्रंथी आणि वरून पातळ कातडीचं म्यान. काटा रुतला की म्यान मागे दाबलं जाऊन फाटतं आणि विष खाचेतून जखमेत उतरतं. मासा पिचकारी वगैरे मारत नाही, आपल्याच हाताच्या दाबाने विष बाहेर येतं. मेलेल्या माशाचे काटेही म्हणूनच धोक्याचे.

मासा पळून न जाता तुमच्याकडे पाठ वळवून डोकं खाली करत असेल, तर तो लाजत नाहीये, काटे रोखतोय. टँकमध्ये हात घालायची वेळ आलीच तर आधी मासा कुठे आहे ते बघा, लांब चिमटा वापरा आणि मासा व हात यांच्या मध्ये प्लास्टिकची जाळी किंवा पारदर्शक पत्रा धरा. घरात कोणी नसताना हे काम करू नका.

पहिली तपासणी: पोट आणि कॅलेंडर

शेवटचं कधी खाल्लं, किती खाल्लं? ‘रोज देतो की!’ हे उत्तर मिळालं तर तक्रार तिथेच संपली. पूर्ण वाढलेल्या लायनफिशला आठवड्यातून दोन-तीन वेळा खाणं पुरतं. लहान पिल्लाला रोज थोडं द्यावं लागतं, ते वेगळं.

जंगली लायनफिश मिळेल तेव्हा ताव मारतो आणि मग स्वस्थ लटकतो. मोठ्या जेवणानंतर त्याचं जठर ३० पटींहून जास्त फुगू शकतं आणि प्रौढ मासे १२ आठवड्यांहून अधिक काळ उपाशी राहून जगल्याची नोंद आहे. म्हणून तुम्हीही बारा आठवडे हातावर हात ठेवून बसा असं मी म्हणत नाहीये. चार दिवसांच्या उपासाने तो मरत नाही, एवढंच यातून घ्यायचं.

मासा समोरून बघा. डोक्याच्या मागे पाठ भरलेली आहे का? पोटाची रेघ बाहेर आहे की आत गेलीय? भरलेला मासा खात नसेल तर त्याला भूक नाही. पाठ धारदार दिसायला लागली असेल, तर पुढे वाचा.

आणि टँकमधले बाकीचे मासे मोजा. हे मी गमतीने सांगत नाही. एका मित्राचा लायनफिश ‘पाच दिवस उपाशी’ होता. मी गेलो, पाचेक मिनिटं बघितलं आणि विचारलं, ‘तुझा तो पिवळ्या शेपटीचा छोटा डॅमसेल मासा कुठाय?’ मित्र दगडांमागे शोधत राहिला, लायनफिश शांतपणे आमच्याकडे बघत होता. तोंडात मावेल ते सगळं त्याच्या लेखी खाद्यच.

दुसरी: कात

विंचूमाशांच्या कुळातले बरेच मासे अंगावरचा पातळ थर अधूनमधून टाकतात आणि लायनफिश त्याच कुळातला आहे. तो फार हालचाल करत नाही, त्यामुळे अंगावर शेवाळ आणि बारीकसारीक जीव बसतात. तेच असं झटकून टाकलं जातं, असं मानतात. कात सुटण्याआधी एक-दोन दिवस मासा मळकट दिसतो, डोळ्यांवर झाक येते आणि खाणं बंद.

एकदा बघायला मिळालं तर विसरणार नाही. माझा मासा संध्याकाळी दगडाच्या कडेला टेकून बसला होता. दोन-तीनदा लांबलचक जांभई दिली, कल्ल्यांची झाकणं ताणली, सगळे काटे ताठ केले आणि अंगाला असा झटका दिला की पंपाच्या प्रवाहात पांढुरक्या चिंध्या उडाल्या. दुसऱ्या सकाळी त्याचे तांबूस पट्टे नुकतेच रंगवल्यासारखे दिसत होते आणि चिमटा बघताच स्वारी पुढे आली.

ही तपासणी महत्त्वाची, कारण याच पापुद्र्याला बुरशी किंवा परजीवी समजून लोक औषध ओततात. फरक ओळखायचा तो श्वासावरून. कात टाकणाऱ्या माशाचे कल्ले नेहमीच्याच लयीत हलतात. कल्ले जोरजोरात चालले असतील आणि अंगावर पापुद्र्याऐवजी पिठासारखी भुकटी दिसत असेल, तर ते ‘वेल्वेट’, म्हणजे परजीवीमुळे होणारा आजार असू शकतो आणि तिथे वेळ घालवायचा नसतो. मासा ठणठणीत असताना एका मिनिटात कल्ले किती वेळा हलतात ते मोजून टँकच्या कडेला लिहून ठेवा. पुढे हाच आकडा कामी येतो.

एकाच आठवड्यात दोन-तीनदा कात निघत असेल, तर मात्र अंगाला काहीतरी झोंबतंय. पाणी तपासा.

तिसरी: दिवे आणि वेळ

हा मासा मुख्यतः तिन्हीसांजेचा आणि पहाटेचा शिकारी. भर दुपारी प्रवाळाच्या टँकवरचे निळे-पांढरे दिवे पूर्ण जोरात चालू असताना तुम्ही खाद्य घेऊन उभे राहिलात, तर तो कपारीतून बाहेर कशाला येईल? नव्या माशाच्या बाबतीत तर निम्म्याहून जास्त वेळा मला इथेच उत्तर सापडलं आहे.

तीन-चार दिवस टँकचे दिवे बंद ठेवा, खोलीतला दिवा पुरे. पूर्ण शरीर आत जाईल अशी एक कपार हवीच, त्यात तो उलटा लटकला तरी काळजी नको, उलटं लटकणं हा त्याचा छंद आहे. खाद्य दिवे मालवल्यावर अर्ध्या तासाने द्या. आणि काचेला नाक लावून उभे राहू नका!

चौथी: पाणी

इथून थोडा खर्च सुरू होतो. क्रम असा: तापमान, क्षारता, अमोनिया, नायट्राइट, पीएच, नायट्रेट.

तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस. हिटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर ठेवा. क्षारता विशिष्ट घनतेत १.०२३ ते १.०२५. काटा वर-खाली होणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर वापरत असाल, तर काट्याला चिकटलेला हवेचा एक बारीक बुडबुडाही काटा वर उचलतो. आकडा बरोबर दिसतो आणि पाणी प्रत्यक्षात फिकं असतं. टिचकी मारून बुडबुडे घालवा, शक्य असेल तर रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबभर पाण्यातून जाणाऱ्या प्रकाशावरून क्षारता दाखवणारं उपकरण) पडताळा.

अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. ‘थोडासाच आहे’ हे चालत नाही, कारण खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा जास्त भाग विषारी रूपात राहतो. लायनफिश मोठे घास गिळतो, तशीच मोठी घाणही करतो. त्याने थुंकलेला कोळंबीचा तुकडा दगडामागे जाऊन कुजतो, अमोनिया चढतो, मग मासा आणखी खात नाही, मालक आणखी तुकडे टाकतो. हे चक्र मी कितीदा पाहिलंय याची गणतीच नाही. टॉर्च घ्या, दगडांमागे बघा, स्किमरचा (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) पेला आणि फिल्टरचा स्पंज तपासा.

अमोनिया सापडला तर २० ते २५ टक्के पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं, त्याच क्षारतेचं आणि काही तास ढवळलेलं असावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. सगळं पाणी एकदम बदलू नका.

पाचवी: शेजारी

ही पटकन होते. ट्रिगरफिश, पफर आणि काही एंजलफिश लायनफिशच्या लोंबत्या परांना टोचे मारतात. परांच्या कडा कुरतडलेल्या असतील तर दोषी शेजारीच. दुसरा प्रकार सभ्य दिसतो पण परिणाम तोच: चपळ मासे खाद्य आधीच पळवतात आणि हा संथपणे पर पसरत येईपर्यंत ताट रिकामं. त्यांना टँकच्या दुसऱ्या टोकाला आधी खाऊ घाला.

सहावी: खाद्य, म्हणजे खरी मेख

प्रवाळभिंतीवर लायनफिश काय करतो ते डोळ्यांसमोर आणा. पर पसरून लहान माशाला कोपऱ्यात दाबतो. कधी कधी त्याच्यावर तोंडाने पाण्याचा झोत सोडतो. प्रवाह आला की लहान मासा त्या दिशेला तोंड करतो, म्हणजे नेमका शिकाऱ्याकडे, आणि डोक्याकडून गिळणं सोपं होतं. मग तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेणं, पापणी लवायच्या आत.

आता टँकमधली ‘फुंकर मारून मागे सरकतो’ ही तक्रार परत वाचा. तो नकार देत नाहीये, शिकार करतोय! खाद्य उलटून बघत नाही, हलत नाही, म्हणून तो गोंधळतो. त्याच्या लेखी जे हलत नाही ते खाद्य नाही.

म्हणून नव्या माशाला सुरुवातीला जिवंत पारदर्शक कोळंबी, म्हणजे घोस्ट श्रिंप द्या. गोड्या पाण्यातली असेल तर खाऱ्या पाण्यात ती फार टिकत नाही, तेव्हा एकेकच सोडा. त्याने चार-पाच वेळा खाल्लं की खरं काम सुरू. पारदर्शक काडीच्या टोकाला पूर्ण वितळवलेल्या कोळंबीची निमुळती पट्टी अलगद खोचा, इतकी अलगद की ओढताच सुटावी. ती त्याच्या तोंडासमोर नेऊ नका, तो पाठ वळवेल. वीतभर लांबून, बाजूने, थांबत-थांबत न्या: दोन बोटं सरकवायची, थांबायचं, थोडी थरथर, पुन्हा थांबायचं. जिवंत कोळंबी दचकून मागे उडते तशी काडी त्याच्यापासून दूर ओढली की शंभरातले नव्वद मासे मागे येतात. हा आकडा माझ्या अंदाजाचा, तोलून मोजून काढलेला नाही.

पाच मिनिटांत घेतलं नाही तर तुकडा बाहेर काढा. दोन दिवस काहीही देऊ नका. पुन्हा तोच खेळ. हट्टी मासा दोन-तीन आठवडे घेतो आणि तोवर मधूनमधून एखादी जिवंत कोळंबी देऊन त्याचं अंग राखायचं.

गोल्डफिश मात्र देऊ नका. स्वस्त पडतात, मासा उड्या मारून खातो, सगळं खरं. पण गोल्डफिश आणि त्यांच्या कुळातल्या माशांत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. गोड्या पाण्यातल्या माशांची चरबीही समुद्री शिकाऱ्याला मानवत नाही, यकृतावर चरबी चढते. काही महिने सगळं छान चालतं, मग नेम चुकू लागतो, मासा डगमगतो आणि मालक म्हणतो, ‘कालपर्यंत तर खात होता.’ वर्षभर निव्वळ क्रिल (कोळंबीसारखे बारीक समुद्री जीव) खाऊ घालणंही असंच अर्धवट. आलटून पालटून द्या: सोललेली आणि सालासकट कोळंबी, माकूळ, शिंपल्यातला मऊ भाग, समुद्री माशाचे तुकडे. आठवड्यातून एकदा जीवनसत्त्वाच्या द्रावणात भिजवून. आणि घास लहान ठेवा. त्याला मोठा गिळता येतो म्हणून द्यायलाच हवा असं नाही, न पचलेला मोठा घास पोटात कुजतो आणि दोन दिवसांनी उलटतो.

सातवी: जबडा

मासा खायला धावतो, पण तोंड मिटत नाही किंवा पुरतं उघडत नाही. एरवी जांभई देणं अगदी नेहमीचं. पण जांभईनंतर तोंड उघडंच राहिलं, तर जबडा निखळलेला किंवा आखडलेला असू शकतो. एकसुरी खाद्य, काचेवर आपटलेली झेप आणि वाहतुकीतली इजा ही कारणं सहसा सांगितली जातात. टॉर्चने आत बघा, एखादं साल किंवा काटा अडकलाय का. जबडा बोटांनी बसवायला जाऊ नका. तुमच्या बोटापासून पाठीचा पहिला काटा फार लांब नसतो.

आठवी: परजीवी

वरचं सगळं ठीक आहे, मासा तरी बारीक होतोय, अंग घासतोय आणि वारंवार कात टाकतोय, तर कातडीला चिकटणाऱ्या पारदर्शक चपट्या कृमींचा संशय घ्या. खात्री करायची पद्धत म्हणजे गोड्या पाण्यातली डुबकी: क्लोरीन काढलेलं, तापमान आणि पीएच टँकशी जुळवलेलं, हवा सोडलेलं पाणी, आणि त्यात मासा जास्तीत जास्त पाच मिनिटं. कृमी असतील तर पांढऱ्या होऊन तिळासारख्या तळाशी पडतात. मासा कलंडला तर लगेच बाहेर.

डुबकी हा पूर्ण इलाज नाही. कृमींची अंडी टँकमध्ये राहतात, पुढचे उपचार वेगळ्या टँकमध्येच करायचे. मुख्य टँकमध्ये तांब्याचं औषध ओतलंत तर कोळंबी, प्रवाळ मरतील आणि तांबं दगडांत मुरून बसेल. मासा हलवायला कापडी जाळं नको, काटे त्यात गुंततात आणि सोडवताना हात जातो. प्लास्टिकचा मोठा डबा पाण्यात आडवा धरा आणि काडीने हळूहळू त्यात वळवा.

इथे थांबा

पुढीलपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय बंद करा आणि माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला गाठा: कल्ल्यांचा वेग तुमच्या लिहिलेल्या आकड्याच्या दीडपट झालाय आणि अंगावर भुकटी आहे (त्याच दिवशी), तोंड एक दिवसाहून जास्त उघडं आहे, पोट फुगून मासा तरंगतोय, अंगावर लाल चट्टे किंवा जखमा आहेत, पिल्लू आठवडाभर किंवा मोठा मासा दोन-तीन आठवडे उपाशी आहे आणि वाळत चाललाय. सोबत पाण्याचे आकडे आणि हालचालीचा व्हिडिओ न्या. प्रतिजैविकं स्वतःच्या मनाने देऊ नका, मासा वाचला तरी फिल्टरमधले अमोनिया मोडणारे जिवाणू मरून अमोनियाने जाईल.

कंटाळलात, सांभाळवत नाही असं वाटलं, तरी समुद्रात सोडायचा विचार मनात आणू नका. १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिला लायनफिश नोंदला गेला, बहुधा टँकमधूनच गेलेला. आज अटलांटिकचा पश्चिम किनारा आणि कॅरिबियन त्यांनी भरलाय. बहामाजमधल्या एका प्रयोगात लायनफिश असलेल्या लहान प्रवाळखडकांवर स्थानिक माशांच्या पिल्लांची भर पाच आठवड्यांत ७९ टक्क्यांनी घटली. तुमच्या टँकमध्ये कोळंबीला नाक मुरडणारा हाच तो मासा! दुसरा टँकवाला शोधा.

आणि काटा रुतलाच तर? वेदना लगेच आणि प्रचंड असते, डोकं ताळ्यावर ठेवा. वर दिसणारा काट्याचा तुकडा चिमट्याने काढा, जखम धुवा आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा. विषातली प्रथिनं उष्णतेने मोडतात, म्हणून बर्फ नको. पाणी आधी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने किंवा घरातल्या माणसाकडून तपासून घ्या, दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. चिरा देऊ नका, दोरी आवळू नका. निरोगी माणसाच्या जिवावर हे सहसा बेतत नाही, पण श्वास लागणं, चेहरा सुजणं, चक्कर, छातीत दुखणं यातलं काही दिसलं तर गरम पाण्याची वाट न बघता तातडीने रुग्णालयात जा. नाहीतरी काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते बघायला आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरकडे जायचंच आहे. तिथे ‘मासा चावला’ असं सांगू नका. ‘लायनफिशचा काटा रुतलाय, एवढे वाजता, एवढा वेळ गरम पाण्यात हात धरला’ असं सांगा, आणि निघालेला तुकडा डबीत घालून सोबत न्या.